आधी सातबारा, मग सलोखा

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात, मिसिसिपी आणि इलिनॉय या दोन नद्यांच्या मधल्या पाइक काउंटीत, बॅरी नावाच्या छोट्या शहराजवळ एक मोकळे रान आहे. डिसेंबर 2022 मध्ये या रानाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला आणि ते अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांच्या व्यवस्थेत आले. एके काळी तिथे न्यू फिलाडेल्फिया नावाचे गाव होते. 1836 मध्ये, यादवी युद्ध सुरू होण्याच्या पंचवीस वर्षे आधी, फ्रँक मॅकवर्टर या गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय माणसाने ते आखले, सरकारदरबारी नोंदवले आणि तिथले भूखंड काळ्या-गोऱ्या दोघांनाही विकले. यादवी युद्धापूर्वी एखाद्या कृष्णवर्णीय माणसाने रीतसर आखून नोंदवलेले हे अमेरिकेतले पहिले ज्ञात गाव मानले जाते.

या गावाचा विषय निघाला की वाद लगेच दोन ठरलेल्या बाजूंना जातो. एक बाजू म्हणते, पाहा, त्या काळातही काळे आणि गोरे शेजारी-शेजारी नांदत होते, म्हणजे वंशद्वेषाचा इतिहास तुम्ही सांगता तितका काळाकुट्ट नव्हता. दुसरी बाजू म्हणते, कोट्यवधींच्या देशात दीडशे माणसांचे एक खेडे, तेही पन्नास वर्षांत मोडलेले; त्याच्या गोष्टी सांगणे म्हणजे मूळ अन्यायावरून लक्ष उडवणे. मला दोन्ही बाजू चुकलेल्या वाटतात, कारण दोघांचा प्रश्न एकच आहे आणि तो प्रश्नच चुकीचा आहे. तिथल्या माणसांचा एकमेकांवर जीव होता की नाही, हे दोघांनाही शोधायचे आहे. पहिल्यांना तो सापडतो, दुसऱ्यांना सापडत नाही. पण मेलेल्या माणसांच्या मनात शिरण्याचा रस्ता इतिहासाकडे नसतो. जमीन कोणाच्या नावावर होती, ती विकत कोण होते, मिळालेला पैसा कुठे गेला, कोर्टात दाद मागण्याचा हक्क कोणाला होता, हे मात्र कागदावर आहे. न्यू फिलाडेल्फियात जी काही बरोबरी होती ती या कागदांवर उभी होती. सलोखा असलाच तर तो त्यानंतर आला.

फ्रँकचा जन्म 1777 मध्ये साउथ कॅरोलिनात झाला. आई ज्यूडा आफ्रिकेतून धरून आणलेली, आणि बाप म्हणजे बहुधा तिचा मालकच. मालक त्याला केंटकीतल्या पुलास्की काउंटीत घेऊन गेला. तिथे फ्रँक मालकाचे शेत सांभाळे आणि उरलेल्या वेळात स्वतःचे श्रम भाड्याने देई. त्यातला वाटा मालकाला जाई, थोडे त्याच्याकडे राही. 1812 च्या युद्धात बंदुकीच्या दारूला मागणी वाढली. दारूसाठी सोरा लागतो. फ्रँकने सोरा तयार करण्याचा धंदा सुरू केला आणि पैसे साठवले. 1817 मध्ये 800 डॉलर देऊन त्याने विकत घेतले ते स्वतःला नव्हे, पत्नी ल्यूसीला. असे का? कायद्याने मूल आईच्या वाटेने जाई. आई गुलाम तर मूल गुलाम, आई मुक्त तर मूल मुक्त. ल्यूसी त्या वेळी गरोदर होती. तिचे स्वातंत्र्य आधी घेतल्याने त्यांचा मुलगा स्क्वायर मुक्त जन्मला, त्याच्यासाठी वेगळी किंमत मोजावी लागली नाही. स्वतः फ्रँक 1819 मध्ये सुटला, पुन्हा 800 डॉलर देऊन. त्याच्याच नावाचा एक मुलगा कॅनडात पळून गेला होता; तो परत येऊन मोकळेपणाने राहू शकावा म्हणून 1829 मध्ये बापाने सोऱ्याचा सगळा धंदाच मालकाच्या हवाली केला. स्वतःच्या घरच्यांची किंमत एकेक करून फेडत जाणाऱ्या माणसाचा हा हिशेब होता, आणि पुढचे गाव याच हिशेबातून जन्मले.

1830 मध्ये हे कुटुंब केंटकी सोडून निघाले आणि पुढच्या वर्षी पाइक काउंटीत पोहोचले, न पाहताच विकत घेतलेल्या जमिनीवर. इलिनॉयला मुक्त राज्य म्हणत. पण त्या राज्यात शिरणाऱ्या कृष्णवर्णीयाला मुक्ततेचा दाखला दाखवावा लागे आणि 1829 च्या कायद्याने 1,000 डॉलरचा जामीन द्यावा लागे. गोऱ्या माणसाविरुद्ध त्याची साक्ष कोर्टात चालत नसे. मतदान नाही, गोऱ्यांशी लग्नाला बंदी. फ्रँकने निघताना केंटकीतल्या गोऱ्या शेजाऱ्यांच्या सह्यांचे चांगल्या वर्तणुकीचे पत्र बरोबर घेतले होते, ते उगाच नव्हे. पाच वर्षांनी त्याने केंद्र सरकारकडून एकरी सव्वा डॉलर दराने 80 एकर जमीन घेतली. त्यातल्या 42 एकरांवर 144 भूखंड पाडले, रस्ते आखले, नकाशा नोंदवला. 1837 मध्ये राज्याच्या विधिमंडळाने खास कायदा करून त्याला फ्रँक मॅकवर्टर हे नाव आणि त्या नावाने मालमत्ता घेण्याचा, दावा लावण्याचा हक्क दिला. विधिमंडळापुढच्या अर्जात गाव कशासाठी आखले तेही स्पष्ट लिहिले होते. भूखंड विकून येणाऱ्या पैशातून त्याला अजून गुलामीत असलेल्या आपल्या दोन मुलींना सोडवायचे होते.

इथे थोडे थांबायला हवे. या गावात प्लॉट घेणारा गोरा लोहार किंवा दुकानदार मनाने कसा होता? कदाचित उदार असेल, कदाचित अजिबात नसेल. त्याला स्वस्त जागा हवी होती, आसपास शेतकरी वाढत होते, धंद्याला संधी होती. पण त्याने मोजलेले डॉलर केंटकीत गेले आणि त्यातून मॅकवर्टरच्या घरची माणसे सुटली. मॅकवर्टर 1854 मध्ये वारला. उरलेल्या नातवंडांना सोडवण्याची तजवीज त्याने मृत्युपत्रात केली होती. त्याच्या आणि वारसांच्या पैशातून घराण्यातली 16 माणसे मोकळी झाली; खर्च सुमारे 14,000 डॉलर. आपण पैसे कोणत्या कामासाठी देत आहोत याचा विचार गिऱ्हाइकाने केला असेल वा नसेल, व्यवहाराची दिशा विकणाऱ्याने ठरवली होती. म्हणून मी म्हणतो की मने तपासण्याचा उद्योग सोडून खरेदीखते वाचावीत.

आता समोरच्या बाजूचे सर्वांत वजनदार मुद्दे घेऊ. पहिला मुद्दा दफनभूमीचा. गावातली काळी आणि गोरी माणसे वेगवेगळ्या दफनभूमींत पुरली गेली. मराठी वाचकाला याचा अर्थ कोणी समजावून सांगायला नको. गावोगावच्या वेगळ्या स्मशानांनी तो आपल्याला केव्हाच शिकवला आहे. दुसरा मुद्दा संख्येचा. गाव वसवणारा कृष्णवर्णीय असला तरी रहिवाशांत गोऱ्यांचेच बहुमत होते. 1865 च्या सुमारास गाव सर्वांत भरलेले होते तेव्हा तिथे सुमारे 160 माणसे राहत, आणि त्यांतले कृष्णवर्णीय साधारण एक तृतीयांश. तिसरा मुद्दा कायद्याचा, आणि तो मला सर्वांत टोकदार वाटतो. 1848 मध्ये इलिनॉयच्या मतदारांनी कृष्णवर्णीयांना राज्यात येण्यास बंदी घालणारे कलम मोठ्या बहुमताने मंजूर केले, 1853 मध्ये तसा कायदा झाला, आणि 1862 मध्ये, यादवी युद्ध पेटलेले असताना, मतदारांनी पुन्हा तोच कौल दिला. हे कायदे 1865 पर्यंत टिकले. नदीपलीकडे गुलामगिरीचे मिसूरी राज्य. मार्क ट्वेनचे बालपण गेले ते हॅनिबल गाव सुमारे 35 किलोमीटरवर, आणि तिथे माणसांची खरेदी-विक्री होत असे. अशा मुलखातल्या एका खेड्याला समतेचे उदाहरण म्हणणे ही आजूबाजूच्या लाखोंच्या यातनांची थट्टा नाही का?

हे सगळे खरे आहे आणि त्यातले काहीही झाकून ठेवता कामा नये. पण यातून निष्कर्ष कोणता निघतो? ते गाव क्षुल्लक होते, हा नव्हे. उलट, भोवतालचा कायदा इतका विरोधात असताना तिथे रोजचे व्यवहार कसे चालले, हा प्रश्न यामुळे अधिक गंभीर होतो. गावात लोहार होते, सुतार होते, जोडे शिवणारे, गाड्यांची चाके बनवणारे होते, दुकान होते, काही वर्षे टपाल कचेरीही होती. 1870 च्या दशकात उभ्या राहिलेल्या शाळेत काळी आणि गोरी मुले एकत्र शिकली. 2002 पासून पुरातत्त्वज्ञांनी या रानाची पाहणी केली आणि 2004 पासून अनेक हंगाम उत्खनन केले. घरांच्या पायांत, विहिरींत, कचऱ्याच्या खड्ड्यांत त्यांना सापडलेली भांडी, काचा, बटणे पाहिली तर कोणते घर काळ्यांचे आणि कोणते गोऱ्यांचे हे ओळखता येत नाही. दोघे तोच माल विकत घेत होते. लोक एका पंगतीला बसत होते असे यावरून सिद्ध होत नाही, मीही तसा दावा करणार नाही. पण काळ्या कुटुंबाची क्रयशक्ती आणि घरातली ऐपत शेजाऱ्याच्या तोडीची होती एवढे नक्की दिसते. आणि 1850 च्या अमेरिकेत हे ‘एवढे’ किती मोठे होते याचा अंदाज घ्यायचा तर 1857 चा ड्रेड स्कॉट निकाल आठवावा. कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, असे देशाचे सर्वोच्च न्यायालय म्हणाले, तेव्हा या गावातल्या गोऱ्या रहिवाशांच्या पायाखालची जमीन मुळात एका कृष्णवर्णीयाच्या नावावरून उतरलेली होती.

माझा मुद्दा एका तुलनेने अधिक स्पष्ट होईल. फ्रान्सिस राइट ही स्कॉटिश सुधारक 1825 मध्ये टेनेसीत, मेम्फिसजवळ, नशोबा नावाची वसाहत वसवते. हेतू अत्यंत उदात्त. गुलामांना विकत घ्यायचे, त्यांना शिक्षण द्यायचे, आपली किंमत त्यांनी श्रमातून फेडायची आणि मग मुक्त होऊन बाहेर जायचे. काळे-गोरे एकत्र राहण्याचे स्वप्न तिथे उघडपणे बोलून दाखवले जाई. पण जमीन गोऱ्या विश्वस्तांची. गुलामही कायद्याने त्यांचेच. दिवस कसा जायचा, मुले कोणी वाढवायची, हेही तेच ठरवत. वसाहतीत चाबूक चालला, आणि तोही सुधारकांच्या हातून. त्याची नोंद त्यांनी स्वतःच छापली. चार-पाच वर्षांत सगळे कोसळले आणि 1830 मध्ये उरलेल्या गुलामांना राइटने हैतीत नेऊन मोकळे केले. तिने त्यांना वाऱ्यावर सोडले नाही, हे तिच्या बाजूने नोंदवलेच पाहिजे. तरी फरक पाहा. नशोबात समतेवरची भाषणे होती, न्यू फिलाडेल्फियात एकही जाहीरनामा नव्हता. नशोबात सद्भाव वरून खाली वाहत होता, आणि ज्याच्यावर उपकार व्हायचे त्याच्या नावावर काहीच नव्हते. न्यू फिलाडेल्फियात कृष्णवर्णीय माणूस विक्रेता म्हणून टेबलाच्या पलीकडे बसलेला होता. एक प्रयोग पाच वर्षे टिकला, दुसरा दोन पिढ्या.

इथे पहिल्या बाजूचे लोक पुढे सरसावतात, आणि त्यांना अडवणे मला तितकेच गरजेचे वाटते. ते म्हणतात, पाहा, कष्ट केले, पैसे साठवले, जमीन घेतली, आणि माणूस वर आला. मग बाकीच्यांनी रडगाणे का गावे? मॅकवर्टरचे कर्तृत्व असामान्य होते हे कोण नाकारेल? पण या युक्तिवादात त्याच्या आयुष्यातला अर्धा भाग गाळला जातो. जे इतरांना जन्मतः मिळत होते ते मिळवायला त्याला बेचाळीस वर्षे लागली. शेजारचा गोरा शेतकरी साठवलेल्या पैशातून बैल घेई, आणखी जमीन घेई. याचा पैसा स्वतःच्या मुलांच्या किमतीत गेला. ते 14,000 डॉलर सव्वा डॉलर एकराच्या भावाने लावून पाहा: अकरा हजार एकरांहून अधिक जमीन होते. एवढी संपत्ती एका कष्टाळू कुटुंबाकडून काढून घेऊन ती गुलामांच्या मालकांच्या पदरात टाकली गेली. शिवाय साधे आडनाव लावून कोर्टात उभे राहण्यासाठी त्याला विधिमंडळाचा खास कायदा लागला, आणि तो मिळवायला गोऱ्या परिचितांचा शब्द लागला. तेवढीच बुद्धी आणि तेवढीच चिकाटी असलेले किती जण सोऱ्याची खाण जवळ नाही म्हणून, मालकाने श्रम भाड्याने देऊ दिले नाहीत म्हणून, कापसाच्या शेतात संपले असतील? मॅकवर्टरच्या यशातून व्यवस्था न्याय्य होती असे सिद्ध होत नाही. तिने किती माणसे वाया घालवली, याचा अंदाज मात्र त्यातून बांधता येतो.

मग गाव मोडले कसे? 1869 मध्ये हॅनिबलहून येणारी रेल्वे या भागातून गेली, पण तिने न्यू फिलाडेल्फियाला उत्तरेकडून वळसा घातला. स्टेशन मिळाले बॅरीला. माल, गिऱ्हाईक, तरुण सगळे तिकडे सरकले. 1885 मध्ये गावाचा बराच भाग कायदेशीररीत्या रद्द होऊन पुन्हा शेतजमीन झाला. काही घरे विसाव्या शतकातही टिकून होती, मग तीही गेली. हा वळसा वंशद्वेषातून घातला गेला का? पुरातत्त्वज्ञ ख्रिस्तोफर फेनेल यांनी भूभाग आणि मार्ग तपासून असे मांडले आहे की त्या वळणाचे कारण जमिनीच्या चढउतारात सापडत नाही, आणि त्यामागे वंशभेद होता. याला उत्तर म्हणून सांगितले जाते की रेल्वेने टाळलेली शेकडो गोऱ्यांची गावेही त्या काळात ओस पडली. हा प्रतिवाद मला पुरेसा वाटत नाही. स्टेशनसाठी गावागावांत चढाओढ असे. ज्यांचे भांडवल कंपनीत गुंतलेले, ज्यांचे आमदारांकडे वजन, त्यांना स्टेशन मिळे. 1870 पर्यंत ज्या समाजाला साधे मत नव्हते, त्याच्या गावाचे वजन कोण आणि कसे खर्च करणार? कोणा इंजिनिअरने मनात द्वेष धरून रेघ वाकवली हे सिद्ध झाले नाही तरी ती रेघ कोणाच्या सांगण्यावरून वाकू शकत होती आणि कोणाच्या सांगण्यावरून नाही, हे उघड आहे.

मोडले म्हणून फसले, असे म्हणणारे आणखी एक गोष्ट गृहीत धरतात. काळ पुढे जातो तशी समता वाढत जाते, तेव्हा एकोणिसाव्या शतकातली अशी खेडी म्हणजे विसाव्या शतकाची अर्धीकच्ची तालीम, असा त्यांचा समज असतो. घडले उलटे. केंटकीतल्या बेरीया कॉलेजात यादवी युद्धानंतर काळे आणि गोरे विद्यार्थी अनेक वर्षे एकत्र शिकले. 1904 मध्ये राज्याने कायदा करून ते बंद पाडले आणि 1908 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यावर शिक्का मारला. त्याच 1908 च्या ऑगस्टमध्ये इलिनॉयमधल्या, लिंकनच्या स्प्रिंगफील्डमध्ये, न्यू फिलाडेल्फियापासून काही तासांच्या अंतरावर, गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांची वस्ती जाळली आणि माणसे लटकवली. त्याच राज्यातल्या ऑल्टन शहराने 1897 मध्ये एकत्र शाळा मोडून वेगळ्या केल्या, तेही 1874 च्या राज्य कायद्याने कृष्णवर्णीय मुलांना शाळेतून वगळण्यास मनाई असताना. स्कॉट बिब नावाचा पालक अकरा वर्षे कोर्टात लढला, 1908 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकला, आणि तरीही शहराने निकाल पाळला नाही. म्हणजे 1875 मध्ये न्यू फिलाडेल्फियाच्या शाळेत जे साधे वाटत होते ते 1908 च्या ऑल्टनमध्ये अशक्य झाले होते. ऑल्टनच्या उदाहरणावरून माझ्यावरही एक आक्षेप येऊ शकतो, की कागदाने काय होते? खरे आहे. पण बिबच्या हातात निकाल होता आणि शाळेची किल्ली दुसऱ्याच्या हातात होती. मॅकवर्टर कुटुंबाच्या हातात कागद आणि जमीन दोन्ही होते. हक्क सांगणारा कागद आणि ताबा देणारा कागद यांत हा फरक आहे, आणि समतेच्या चर्चेत पहिल्यावर जितके बोलले जाते तितके दुसऱ्यावर बोलले जात नाही.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी एक थेट धागा आहे. जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केली ज्यांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी औदार्य आणि स्वार्थत्याग दाखवला. त्या अर्पणपत्रिकेत गोऱ्या मुक्तिदात्यांबद्दलची कृतज्ञता आहे, आणि यादवी युद्धात सांडलेले रक्त पाहता ती रास्तच होती. मात्र 1873 मध्ये पुण्यात बसून मॅकवर्टरसारख्यांची माहिती मिळण्याचा मार्ग नव्हता. गुलामांनी स्वतः काय उभे केले, हे पुढे अमेरिकेतही शंभर वर्षे कोणी नीट विचारले नाही; मॅकवर्टरची कहाणी कागदपत्रांतून सविस्तर बाहेर काढली ती त्याच्याच पणतीच्या मुलीने, इतिहासकार ज्युलिएट वॉकर यांनी, 1980 च्या दशकात. पण फुल्यांची कृती पाहिली तर ती मॅकवर्टरच्या जवळ जाते. 1868 मध्ये त्यांनी अस्पृश्यांना खुला केला तो स्वतःच्या घरचा हौद. कोणाची परवानगी मागावी लागली नाही, कारण पाणी त्यांचे होते. ज्याच्या मालकीचा हौद, तोच त्याचे दार उघडू शकतो. आणि ज्यांच्यासाठी तो उघडला त्यांच्या स्वतःच्या मालकीचे पाणी कधी होणार, हा त्यापुढचा प्रश्न, ज्याचे उत्तर मॅकवर्टरने 144 भूखंडांच्या नकाशात दिले होते.

न्यू फिलाडेल्फियाच्या स्थळावर पुढच्या काही वर्षांत काय उभे राहील, काय लिहिले जाईल, यावर आता चर्चा होणार. काळ्या आणि गोऱ्या मुलांनी हातात हात घेतलेले चित्र लावण्याचा मोह होईल. माझ्या मते तिथे आधी 1836 चा नकाशा लावावा, त्याच्या शेजारी ल्यूसीपासून शेवटच्या नातवंडापर्यंत प्रत्येकाची किंमत आणि ती फेडल्याचे वर्ष लिहावे, 1853 चा कायदा शब्दशः लावावा, आणि दोन्ही दफनभूमींकडे जाण्याचा रस्ता दाखवावा. भूखंड विकत घेणाऱ्या गोऱ्यांची यादीही लावावी, कोणतेही विशेषण न जोडता: नाव, भूखंड क्रमांक, मोजलेली रक्कम.